आत्याच्या न्हाणीतला आरसा: दोनदा केलेली एक चौकट

प्रकरण राजापूर तालुक्यातलं. आत्याचं कौलारू घर, जांभ्याच्या भिंती, आणि घराला मागाहून जोडलेलं टाइल्सचं बाथरूम. घरात त्याला अजूनही न्हाणीच म्हणतात. बेसिनच्या वर १८ बाय २४ इंचांचा साधा आरसा होता. चार कोपऱ्यांना चार भोकं, चार स्क्रू, त्यांवर चकचकीत टोप्या. असा आरसा आपल्याकडे निम्म्या घरांत असतो. ह्याची खालची कड अर्धा इंच काळी पडली होती आणि खालच्या दोन स्क्रूंभोवती काळी वर्तुळं धरली होती. आत्या वापरलेल्या टिकल्या नेमक्या त्या काळ्या पट्ट्यावर चिकटवायची, त्यामुळे डाग झाकले जायचे की जास्त दिसायचे यावर घरात दोन मतं होती.

मे २०२३ मध्ये आंब्यांसाठी गेलो होतो. आत्या म्हणाली, "गणपतीला घर भरतं रे. पाहुणा तोंड धुवायला उभा राहिला की आधी हे काळं बघतो. पुण्यात सुट्टीच्या दिवशी लाकडं कापत बसतोस ना, मग ह्याला एक चौकट करून दे."

करून दिली. ती चार महिने टिकली. मग दुसरी केली, ती अजून भिंतीवर आहे. दोन्हींतला फरक जवळजवळ सगळा खालच्या एका इंचात होता, म्हणून हे इतकं तपशिलात लिहितोय.

पहिली चौकट

आतोबांचं निदान एका वाक्यात होतं: "पारा उडालाय." शब्द जुना आहे आणि अजून सगळे तोच वापरतात, पण आरशातून पारा केव्हाच गेला. पूर्वी काचेमागे कथील आणि पारा यांचा थर असायचा. १८३५ मध्ये युस्टुस फॉन लिबिग या जर्मन रसायनतज्ज्ञाने काचेवर चांदीचा पातळ थर बसवायची रीत काढली, आणि आजचे आरसे त्याच वाटेने आलेत. मागे चांदी, तिच्यावर रक्षणाचा थर, त्यावर रंग. पाठीला रंग असतो म्हणून पाठ वाचते. आरसा कापला की कडेला हे सगळे थर उघडे पडतात. भोक पाडलं की भोकाच्या कडेलाही तेच. आत्याचा आरसा बरोबर तिथेच काळा पडला होता, म्हणजे आजार उघड दिसत होता. मी तो पाहिला आणि ठरवलं काय, तर झाकायचा.

आरसा भिंतीवरून काढायचा नाही, वरूनच पट्ट्या चिकटवायच्या, असा बेत. १२ मिलिमीटर जाड एमडीएफ तक्त्याच्या दोन इंच रुंद पट्ट्या पुण्याहून ४५ अंशांत कापून नेल्या. टोप्या काचेच्या दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वर येत होत्या, त्यासाठी पट्ट्यांच्या पाठीला कोपऱ्यांत खड्डे कोरले. पांढरा ऑइलपेंट दोन हात. मग सिलिकॉनने पट्ट्या काचेवर दाबून बसवल्या, कागदी टेप लावून रात्रभर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी शहाणपणाचा कळस म्हणून चौकटीच्या चारही बाहेरच्या कडांना, आरसा आणि टाइलच्या मधल्या फटीत, सिलिकॉनची सलग रेघ ओढली. पाणी आत जायला नको!

दिसायला झकास. फोटो सगळ्या नातेवाइकांना गेला. आत्या आरशासमोर उभी राहिली, मान इकडून तिकडे केली आणि म्हणाली, "आरसा लहान झाला की रे." तिचं खरं होतं. १८ बाय २४ पैकी उघडा राहिला १४ बाय २०. तिसऱ्या हिश्शाहून जास्त आरसा मी अर्ध्या इंचाचा डाग झाकायला खर्ची घातला होता.

सप्टेंबर

गणेश चतुर्थी त्या वर्षी १९ सप्टेंबरला होती. मी दोन दिवस आधी पोचलो. मधल्या काळात कोकणचा अख्खा पावसाळा होऊन गेलेला, ३००० मिलिमीटरच्या वर पडणारा. न्हाणीत पाऊल टाकलं आणि आधी वास आला, ओल्या पुठ्ठ्याचा.

खालची पट्टी चहात बुडवून काढलेल्या बिस्किटासारखी फुगली होती. १२ मिलिमीटरची जाडी मधोमध १७ भरली. पेंटला फोड आले होते, आणि एका फोडावर नख दाबलं तर आतून ओला भुसा निघाला. खालचे दोन्ही कोपरे उघडलेले. उभ्या पट्ट्या कमरेपर्यंत ठीक, खाली काळे ठिपके. वरची पट्टी मात्र जशीच्या तशी, जणू काल लावलीय.

पट्ट्या उचकटल्यावर कळलं की आरसा वाचलेला नाही. काळा पट्टा अर्ध्या इंचावरून दोन इंचांवर गेला होता. नुसती खालची कड नव्हे, जिथे जिथे सिलिकॉन काचेच्या कडेवरून मागे ओघळलं होतं तिथे तिथे त्याच आकाराचे तपकिरी ओघळ समोरून दिसत होते. माझ्या ट्यूबचा नकाशाच.

झालं असं. गरम पाण्याची वाफ काचेवर बसते, थेंब होतात, थेंब खाली उतरतात. साध्या आरशावरून ते खालच्या कडेवरून बेसिनमध्ये पडतात. थोडं पाणी आरसा आणि टाइलच्या मधल्या बारीक फटीत ओढलं जातं, आणि कड काळी पडायला तेवढं पुरतं. माझ्या चौकटीत मात्र थेंबांना खाली १२ मिलिमीटरचा ओटा आडवा आला. पाणी तिथे साचलं, पट्टी आणि काच यांच्या मधल्या सिलिकॉनमध्ये जिथे फट होती तिथून आत गेलं, आणि पुढे जाईल कुठे? खाली मीच बांध घातला होता. पाण्याला आत यायच्या वाटा तशाच राहिल्या आणि बाहेर जायची एकुलती एक वाट मी हौसेनं बुजवली.

त्यात माल चुकीचा. एमडीएफ म्हणजे लाकडाचा बारीक तंतू डिंकात दाबून केलेला तक्ता. पाणी पिऊन एकदा फुगला की वाळल्यावर परत बसत नाही. त्याच्याहून ओल सोसणारा एचडीएचएमआर मिळतो, पण त्याच्याही कापलेल्या कडा रंगाने बंद कराव्या लागतात. आणि सिलिकॉन. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा झणझणीत वास आला होता, तो मला आठवतोय. तो वास म्हणजे खरंच ॲसेटिक ॲसिड, सुकताना ते बाहेर पडतं. मासे ठेवायचा काचेचा टँक जोडायला हे सिलिकॉन उत्तम. आरशाच्या पाठीला विष. आरशासाठी न्यूट्रल सिलिकॉन घ्यायचं असतं, ट्यूबवर तसं लिहिलेलं असतं, किंमत थोडी जास्त असते. मी दुकानात "पांढरं सिलिकॉन द्या" एवढंच म्हणालो होतो आणि त्याने पांढरं सिलिकॉन दिलं.

गणपतीत आरसा तसाच उघडा ठेवला. आत्याने काळ्या पट्ट्यावर ताज्या टिकल्यांची ओळ लावली. आतोबा म्हणाले, "चौकट नव्हती तेव्हा बराच होता म्हणायचा."

झडप

डिसेंबरात आठ दिवस काढून गेलो. आता आरसाही नवा घ्यायचा होता. काचवाल्याकडून १८ बाय २४, पाच मिलिमीटर, कडा घासून, भोकं न पाडता. काचेचा हिशेब सोपा आहे, दर चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. ह्या आरशाचं वजन साडेतीन किलो झालं. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की एवढ्यावरच थांबलो असतो, जुना काढून नवा लावला असता, तर काम पाचेकशे रुपयांत आणि तासाभरात संपलं असतं. पण चौकट आता माझ्या इज्जतीचा प्रश्न झाली होती.

साग घ्यायचा हे ठरलेलं. खाच कशी मारायची हे ठरत नव्हतं. आरसा मागून बसायचा तर चौकटीच्या पाठीला चहूबाजूंनी आतल्या कडेला पायरी हवी, आणि ती मारायचा रंधा माझ्याकडे नव्हता. गावातले सुतारकाका त्या दिवशी गोठ्याचं दार बसवायला आले होते. पडवीत मी कागदावर रेघोट्या मारत होतो ते त्यांनी बघितलं.

"खाच मारायला काय आणलंत?"

"पटाशीनं मारीन म्हणतो."

"चार पट्ट्यांना पटाशीनं? मग पुढच्या गणपतीचं सांगा." ते उठले, पोटमाळ्याच्या जिन्याखाली टेकून ठेवलेली जुन्या खिडकीची झडप ओढून काढली आणि उलटी करून माझ्यासमोर धरली. "ही काय वाईट? खाच तयार."

तावदानाची झडप होती. आत्याच्या सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हाची सागवानी. काच कधीच फुटून गेलेली, पण जिथे काच बसायची ती खाच शाबूत, तीन सूत रुंद आणि चार सूत खोल, कडेला वाळलेली पुटीन. मी गेले चार दिवस जे काढायचा प्रयत्न करत होतो ती वस्तू दहा वर्षं जिन्याखाली धूळ खात होती. खिडकीही पावसात उभी राहायची वस्तूच की. आरशाला खिडकी समजायचं हे त्यानंतर सगळ्या बाबतीत उपयोगी पडलं.

झडपेवर हिरवा ऑइलपेंट होता, तीन-चार थर. तो उतरवताना एक काळजी घेतली. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या, विशेषतः गडद, ऑइलपेंटमध्ये शिसं असणारच असं धरून चालावं. म्हणून कोरडं घासायचं नाही. अंगणात प्लॅस्टिक पसरलं, तोंडाला मास्क, पाणी मारत वॉटर पेपरने घासलं, निघालेली खरड गोळा करून पिशवीत बांधली. विहिरीकडे पोरांना येऊ दिलं नाही. दीड दिवस गेला. खालून साग निघाला तो मधासारखा, आणि घासताना त्याला अजून वास होता.

सगळं असं गोड नव्हतं. बिजागरीचा एक तुटका स्क्रू लाकडात गंजून काळा झालेला होता, दिसलाच नाही, आणि सुतारकाकांनी विश्वासाने दिलेल्या रंध्याच्या पात्याला दात पडला. ते काही बोलले नाहीत. सहाणेवर अर्धा तास पातं लावत बसले, हे बोलण्याहून वाईट.

मापं अशी बसली. पट्टी सव्वादोन इंच रुंद, त्यात खाच तीन सूत. आरशाला चारी बाजूंनी एक-एक सूत मोकळीक. म्हणजे चौकटीची आतली उघडी जागा साडेसतरा बाय साडेतेवीस, बाहेरचं माप २२ बाय २८. काच झाकली जाते ती फक्त दोन सूत कडेला. आत्याला आरसा परत मिळाला.

कोपऱ्याचा सांधा मात्र मी ४५ अंशांचा केला नाही, आणि ह्यावर सुतारकाकांचं आणि माझं एकमत होतं. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. पट्टी रुंदीत फुगली की ४५ अंशांचा कोन बिघडतो. पावसाळ्यात कोपरा बाहेरच्या टोकाला उघडतो, उन्हाळ्यात आतल्या. रुंद पट्टीत हे जास्त दिसतं. कोरड्या खोलीतल्या फोटोफ्रेमला चालेल, न्हाणीत वर्षातून दोनदा फट बघावी लागेल. त्यामुळे दोन्ही पट्ट्यांची निम्मी-निम्मी जाडी काढून एकावर एक बसवायचा साधा सांधा. जोडायला पाण्यात टिकणारा मरीन फेविकॉल, आणि प्रत्येक कोपऱ्यात मागून एक पितळी स्क्रू.

पहिली आडवी पट्टी मी वाया घालवली. रेघ मारताना खाच आहे हे विसरलो. निम्मी जाडी काढली ती खाच नसलेल्या पट्टीच्या हिशेबाने, आणि दोन पट्ट्या जुळवल्यावर कोपऱ्यात बोट जाईल एवढं भोक. जिन्याखाली आणखी झडपा होत्या म्हणून निभावलं. खाच असलेल्या पट्टीत अर्ध्या जाडीचा सांधा करायचा असेल तर आधी टाकाऊ तुकड्यांवर एक कोपरा करून बघा. मी दुसऱ्या वेळी तेच केलं.

खालचा इंच

आता खालची पट्टी. तिच्यावर मी बाकी तिन्ही मिळून लागला तेवढा वेळ घालवला.

समोरून काचेवर टेकणारी तिची वरची कड रंध्याने बाहेरच्या बाजूला उतरती केली, खिडकीच्या उंबऱ्याला असतो तसा ढाळ. थेंब तिथे आला की थांबायला सपाट जागाच नाही. तरी काही पाणी काच आणि लाकडाच्या मधून आत जाणारच, ते धरूनच चाललो. म्हणून आतल्या खाचेच्या तळाला पटाशीने तीन ठिकाणी आरपार खोबणी पाडल्या, दोन-दोन सूत रुंद. आत गेलेलं पाणी त्यांतून खाली बेसिनमध्ये. आरसा थेट लाकडावर टेकत नाही, जुन्या स्लिपरच्या तळव्यातून कापलेल्या दोन तुकड्यांवर उभा आहे. तुकडे खोबणींच्या मधे येतील असे ठेवले, खोबणीवर नाही. कुठेही सिलिकॉन नाही.

आरशाच्या चारही कडांना, बसवण्याआधी, एनॅमलचा काळा रंग बारीक ब्रशने दोन हात दिला. पाठीमागे प्लाय वगैरे काही लावलं नाही. आरसा जागेवर धरायला सागाचे सहा छोटे तुकडे, एकेका स्क्रूवर फिरणारे, जुन्या कपाटाच्या दाराला असतात तसे. पाठ उघडी आणि भिंतीपासून पाऊण इंच लांब, म्हणजे वारा खेळतो. लाकडाला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे तीन हात. पट्ट्यांच्या तोंडांना पाच, कारण लाकूड पाणी पितं ते तोंडानेच, अंगाने फार कमी.

टांगायची पद्धत पण बदलली. एक पट्टी लांबीत तिरकी चिरली, अर्धी चौकटीच्या पाठीला वर, अर्धी भिंतीला. चौकट वरून सरकवून अडकवायची. प्रश्न भिंतीचा होता. जांभ्यात प्लॅस्टिकचा प्लग धरत नाही, दगड भुसभुशीत, भोक मोठं होत जातं आणि प्लग स्क्रूबरोबर गोल फिरतो. सुतारकाकांनी जुनी रीत सांगितली: भोक मुद्दाम मोठं आणि खोल पाडायचं, त्यात सागाचा जरा निमुळता गुटका हातोडीने गच्च ठोकायचा, आणि स्क्रू त्या गुटक्यात. तीन गुटके ठोकले. आरसा आणि चौकट मिळून सहा-साडेसहा किलो. आतोबांनी खात्रीसाठी भिंतीवरच्या पट्टीला लोंबकळून पाहण्याची तयारी दाखवली, आत्याने होऊ दिलं नाही.

आरसा टांगला, दिवा लावला, आणि चारही कडांना आतून एक बारीक हिरवी रेघ.

दोन मिनिटं कळेना. पट्टीची काचेवर टेकणारी आतली बाजू मी घासलीच नव्हती. समोरून ती दिसत नाही. पण चांदी काचेच्या मागे आहे, पुढे पाच मिलिमीटर काच, आणि त्या जाडीतून आरसा स्वतःच्या चौकटीची पाठ दाखवतो. पट्टीचा जो ओठ काचेवर येतो त्याच्या आतल्या कडेचा जेवढा भाग प्रतिबिंबात येतो तेवढा रंगवलेला हवा, नाहीतर कच्चं लाकूड, पुटीन, हिरवा पेंट, जे असेल ते चारी बाजूंनी चमकत राहतं. चौकट वर उचलली, निघाली, सहा तुकडे फिरवले, आरसा काढला, आतली बाजू पुसून काळी रंगवली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत टांगली. पहिली चौकट असती तर हे कळून उपयोग नव्हता.

पुढचा पाऊस

चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आली. पोचल्यावर चहाआधी चौकट उतरवून पडवीत पालथी घातली. आरशाच्या पाठीला डाग नाही. कडा बोटाने चाचपल्या, रंग कुठे उचललेला नाही. तीन खोबणींपैकी मधली साबणाच्या चिकट्याने बुजली होती, काडीने मोकळी केली. तिथलं लाकूड किंचित काळवंडलं होतं, मऊ नव्हतं. स्लिपरचा डावा तुकडा दबून निम्मा झाला होता, बदलला. वरच्या पट्टीच्या पाठीला बुरशीची पांढरी पातळ साय होती, जिथे वाफ जाऊन बसते तिथे. पुसली, तिथे पॉलिशचा आणखी एक हात दिला. सांध्यांत नखाएवढीही फट नाही.

बिघाड एकच. आत्या आता टिकल्या काचेवर लावत नाही, लाकडावर लावते, उजव्या उभ्या पट्टीवर, डोळ्याच्या उंचीला. टिकलीचा डिंक पॉलिशवर बसतो आणि काढताना ती नखाने खरवडते, त्यामुळे तिथे रुपयाएवढं लाकूड उघडं पडलंय. मी म्हटलं, "आत्या, काचेवर लाव ना, काच पुसता येते."

"काचेवर नको," ती म्हणाली. "इतका स्वच्छ आरसा कशाला खराब करू?"

तेवढ्या जागेला दर गणपतीत एक हात पॉलिश द्यायचं ठरलंय.